विदरकोट हॉलची बारावी खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. पण माझ्यातून आजवर कुणी बाहेर डोकावलेलं नाही. विदरकोट हॉल नावाच्या वाड्याच्या दक्षिणेकडच्या दर्शनी भिंतीत आम्ही बारा जणी. अकरा खऱ्या, मी रंगवलेली. दाराच्या डावीकडे सहा तर उजवीकडेही सहाच हव्यात, असा बांधणाऱ्याचा हट्ट. आणि माझ्या जागी नेमकं तीन शेकोट्यांचं धुराडं आलं. मग दगडावरच काचा रंगवल्या, पडदा रंगवला, पडद्याआड एक मांजरही बसवलं. रंगारी इतका हुशार, की स्वयंपाकीणबाई आठ वर्षं खाली दुधाची बशी ठेवत होत्या. बशी रोज रिकामी होई, हे मी शपथेवर सांगते.

अशी एकशे नव्वद वर्षं गेली. पुढून मी खिडकी, मागून भिंत, पोटात काजळी. पाहुणे लांबून वाहवा करत आणि जवळ आले की हसत. दर शनिवारी मोलकरणी मलाही पुसत, कारण पुसायच्या यादीत खिडक्या बारा होत्या. दमले मी, खरंच.

माझ्या पाठीमागच्या खोलीला उजेड म्हणून मागच्या बाजूचा एक झरोका. तिथे धाकटी सिसिली छातीच्या आजारानं पडली होती. डॉक्टर म्हणाले, ऊन हवं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिची आई, लेडी विनिफ्रेड, गवंड्याला घेऊन आल्या.

"ही फोडा," त्या म्हणाल्या.

म्हातारा एनॉक ट्रस्कॉट छिन्नीचे दोन घाव घालून थांबला. त्यानं मला कान लावला.

"बाईसाहेब, हिच्यावर धुराडं आहे आणि धुराड्यावर छप्पर. ही फोडली तर ऊन येईल, पण छपरासकट येईल. पोरीच्या अंगावर."

"मग माझ्या मुलीनं अंधारात खोकत मरायचं?"

"शेजारच्या खोलीला तीन खिडक्या आहेत की."

"ती राजेसाहेब कधी मुक्कामाला आले तर, म्हणून राखलेली आहे."

"अस्सं. कधी येणार आहेत?"

"तसा निरोप नाही अजून."

"पूर्वी कधी आले होते?"

"घर बांधलं तेव्हा येणार होते."

एनॉकनं छिन्नी पिशवीत टाकली. "बरेच लांबून येत असतील."

रेशमी पलंग, रोज झटकलेल्या उशा आणि दाराला कुलूप; या घराची सगळी अब्रू त्या खोलीत होती. तरी बाईसाहेबांनी किल्ली मागवली.

त्यानंतर आठवडाभर माझ्या पाठीशी खोकला ऐकू आला नाही. मी दगडाची, तरी धास्तावले. आठव्या दिवशी शेजारची खिडकी करकरत उघडली आणि सिसिलीचा घोगरा आवाज आला, "आई, राजा आला तर त्याला माझ्या जुन्या खोलीत झोपव. तिथे ऊन डोळ्यांवर येत नाही."

मित्रांनो, माझ्या रंगाचे आता पोपडे सुटताहेत. दहा वर्षांतून एकदा हात फिरवा, छिन्नीचे ते दोन खड्डे चुन्यानं बुजवा. मला फोडू मात्र नका. डोक्यावर ओझं आहे माझ्या. घरात उजेड कमी पडला, तर कुलूप लावलेली खोली कुणासाठी राखून ठेवली आहे, ते आधी पाहा.