तेयोंगचा हात आणि कंपनीचं गार पाणी

हे तुम्हाला पटणार नाही. पटलंच, तर आधी स्वतःचं डोकं तपासून घ्या. पण झांबोआंगाच्या किनाऱ्यावर आजवर जेवढे सार्डिन माशांचे डबे भरले, तेवढ्या डब्यांची शपथ घेऊन सांगतो: माझा हा डावा हात गेली तीन वर्षं माझं ऐकत नाही.

"डब्यांची शपथ कसली घेताय, तियो तेयोंग? देवाची घ्या की," बिबाय म्हणाली. आमच्याकडे काकाला 'तियो' म्हणतात. दुकान तिचं, बाक तिचा, पेल्यातली माडीही तिचीच. म्हणून तिचं ऐकून घ्यावं लागतं.

"देवाची शपथ जपून वापरायची असते. पुढं लागते," मी म्हणालो.

तर, मी कुकरवरचा माणूस. आमचा कुकर म्हणजे खोलीएवढं लोखंडी पिंप. माशांचे डबे आत ढकलायचे, वाफ सोडायची, बाहेर ओढायचे. एकतीस वर्षं तेच केलं. त्या साथीच्या वर्षी गेटावर पाटी लागली : सुई नाही, तर काम नाही. टेबलावर छापील कागद : 'मी ही लस स्वेच्छेने घेत आहे.'

मी नर्सबाईला विचारलं, "सही नाही केली तर?"

"तर घरी जा."

म्हणजे स्वेच्छा सक्तीची होती. केली सही. टोचली सुई, डाव्या दंडात. आमच्यातल्या चारशे जणांना काय झालं? कुणाला कणकण आली, कुणाचा दंड ठणकला, दोन दिवसांत सगळे डबे भरायला हजर. मला ना ताप ना दुखणं. मी खुशीत घरी गेलो, अंघोळ केली, झोपलो.

सकाळी मुकादम ओरडला, "आज जादा पाळी कोण करणार?"

आणि हा हात वर!

मी खाली ओढतोय, तो वर जातोय. मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षांत मी कधी जादा पाळी घेतली नव्हती.

"अहो, ही तांदळाची गोणी आत कोण घेईल?" बिबायनं मध्येच हाक दिली. फुटपाथवर गोणी पडली होती. आभाळ भरलेलं.

"मध्ये बोलू नकोस, धागा तुटतो," मी म्हणालो आणि बशीतले शेंगदाणे चिवडत राहिलो.

रविवारी कोंबड्यांच्या झुंजीला गेलो. तिथं नुसता हात वर गेला तरी पैज लागते, हे काय तुम्हाला सांगायचं? ओरडणारा ओरडला, "लाल कोंबड्यावर कोण?" लाल कोंबडा आधीच एका पायावर उभा होता. रेडिओ गेला माझा. वस्तीच्या सभेत कुणीतरी म्हणालं, "गटार कोण साफ करणार?" आठ दिवस मी गटारात. बायको तर शेजाऱ्यांना बोलावून तमाशा दाखवायची. "अहो, भांडी कोण घासणार?" म्हणायची आणि टाळ्या वाजवायची.

इथवर हसण्यावारी होतं. मग एके दिवशी मॅनेजर अर्कीसासाहेब कुकर बघायला आले. कुणीतरी सहज विचारलं, "वाफ कोण सोडतंय?" हात उठला तो थेट वाफेच्या दांड्याला लागला. फुस्स! कुणी भाजलं नाही, पण साहेबांच्या केसांचा काळा रंग वितळून कॉलरवर उतरला. पंचावन्नचा माणूस क्षणात सत्तरीचा झाला.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. हात कुकरजवळ धोकादायक, उद्यापासून येऊ नये. आणि खाली : लस सरकारची, सही तुमची, हातही तुमचा, कंपनीचा संबंध नाही.

आता सांगा, साठीला आलेल्या, वाफेत शिजलेल्या माणसाला दुसरं काम कोण देतो? मी कामगार कार्यालयात अर्ज ठोकला : सुई तुमच्या हुकुमानं घेतली, तर हाताचं औषधपाणी तुम्ही करा आणि मला बसायचं काम द्या.

सुनावणीत निकाल देणाऱ्या अटर्नी फाबियान नावाच्या बाई. नाकावर चष्मा, समोर पंखा. कंपनीचा वकील मनिलाचा नव्हे, आपल्याच गावचा. तिथंच तो फसला. मनिलाच्या माणसाला ही युक्ती सुचलीच नसती.

तो उठून म्हणाला, "बाई, लशीचा काही दोष नाही. या माणसानं त्याच संध्याकाळी गार पाण्यानं अंघोळ केली. दिवसभर कुकरवर तापलेला हात, त्यावर गार पाणी! हा सरळसरळ पास्मा आहे."

सगळं कार्यालय "हंऽऽ" म्हणालं. शिपाईसुद्धा. तापल्या अंगाला गार पाणी लागलं की शिरा बिथरतात, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. डॉक्टर हसतात, आणि घरी जाऊन आईच्या हातून मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून घेतात. माझ्या आजीचा तर पास्म्यावर याहून जालीम उपाय होता, पण तो सकाळी मोरीत सोडायच्या पहिल्या धारेचा. माडी पिताना सांगत नाही.

मी मनात म्हटलं, तेयोंग, मेलास.

पण बाईंनी चष्मा काढला. "पास्मा हे तुमचं लेखी म्हणणं?"

"लेखी, बाई."

"मग हात तापला कुठं?"

"कुकरवर."

"कुकर कुणाचा?"

वकील खोकला.

मी म्हणालो, "बाई, अंघोळीचं काय घेऊन बसलात? कुकरमधून बाहेर आलं की दाराशीच गार पाण्यात हात धुवायचे, असा कंपनीचा नियम आहे. पाटी आहे, पहारेकरी आहे. एकतीस वर्षं आम्ही हात जोडतोय की जरा निवू द्या. न धुता पुढं गेलं की पगार कापतात."

"म्हणजे लशीनं झालं असेल तर सुईचा हुकूम यांचा, आणि पास्म्यानं झालं असेल तर पाण्याचाही यांचाच," बाई म्हणाल्या. "आता एवढंच ठरवायचं, की जबाबदारी कोण घेणार?"

आणि हा हात वर!

वकील टेबलावर चढायचा बाकी होता. "लिहून घ्या! लिहून घ्या! स्वतः कबूल झाला!"

मी उजव्या हातानं डावा ओढतोय, बायको मागून लोंबकळतेय, हात हलेना. गेलं बसायचं काम.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, वकिलाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, जिंकत आलेला माणूस अशा वेळी शुद्धीवर असताना हात वर करील का? मला इजेचा पुरावा हवा होता. तो तुम्ही हजर असताना मिळाला."

तेव्हापासून मी गेटाशी खुर्चीवर बसतो. औषध कंपनीचं, आणि कुकरच्या दाराशी आता कोमट पाण्याचा नळ आहे. हात मात्र तसाच. आजही कुणी नुसतं 'कोण' म्हटलं, की तो वर गेलाच म्हणून समजा. हा आजार मरेपर्यंत जायचा नाही, असं कागदावर आहे.

बाहेर टपटप सुरू झालं. बिबाय कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"तियो, मघाशी मी ओरडून विचारलं, गोणी आत कोण घेईल? तेव्हा तुमचा हा डावा हात माझ्या शेंगदाण्यांच्या बशीत होता, आणि तिथून तसूभर हलला नाही!"