लाल बंडी

"आफ्येबाई, हलू नका," होव्हिंग साहेब म्हणाले.

"मी कुठे हलतेय? तुमचाच हात कापतोय."

चित्रकार होव्हिंग साहेब अ‍ॅमस्टरडॅमहून मार्केन बेटावर येऊन राहिले होते. बेटावरच्या बायकांची चित्रं शहरात हातोहात खपत. आफ्ये आपल्याच घरात खिडकीशी ताठ बसली होती, डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगात लाल फुलांची बंडी. त्या बंडीने सध्या अख्ख्या बेटाला चघळायला विषय दिला होता. वादळानंतर सगळ्या होड्या परतल्या, तिच्या नवऱ्याची, यापची, तेवढी आली नव्हती.

सासू ट्राइन कॉफीचं भांडं आदळत आत आली. ती केव्हाच काळ्या कपड्यांत होती.

"लाज सोडलीस गं अगदी! चर्चमध्ये बायका माझ्याकडे बघून कुजबुजतात. म्हणे, सून बघा कशी नटून बसलीय!"

"आई, काळं घातलं म्हणजे तो गेला. मी नाही त्याला घालवणार. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही घाला."

"घाई? माझ्या पोटचा गोळा आहे तो!"

"मग वाट बघा की त्याची."

साहेबांनी ब्रश धुतला. चेहरा झाला होता, बंडी अर्धी रंगली होती, हात राहिले होते.

शनिवारी याप सापडला. पलीकडच्या गावच्या कोळ्यांच्या जाळ्यात आला. त्याला पुरेपर्यंत आफ्ये रडली नाही. नंतर रडली ती मात्र सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. लाल बंडी तिने पेटीत तळाशी घातली.

साहेब आपलं सामान न्यायला आले, तर आफ्ये काळ्या कपड्यांत येऊन खिडकीशी बसली. ताठ, पहिल्यासारखीच.

साहेब गडबडले. "अहो, राहू दे आता. नाहीतर असं करतो, बंडी काळी करून टाकतो. शहरात विधवेचं चित्र तर लोक..."

"खबरदार! तुम्ही लाल काढलंत तेव्हा माझा याप यायचा होता. ते तसंच राहील. उरलंय तेवढं काढा."

"पण बंडी अर्धीच झालीय. रंग समोर नसला तर काढू कसा? घटकाभर घालता का?"

"आता कशी घालू?" आफ्ये म्हणाली.

आतल्या खोलीत पेटीचं झाकण वाजलं. ट्राइन बाहेर आली. तिने खुर्ची ओढली, सुनेच्या शेजारी बसली आणि आपल्या काळ्या मांडीवर लाल बंडी पसरली. एक सुरकुती होती, ती हाताने सारखी केली.

"उजेड पुरतोय ना, साहेब?" तिने विचारलं.