तक्त्यातून वगळलेला खलाशी

भिंतीत मीठ कसे चढते, या विषयावर मी डॉक्टरेट मिळवली आहे. प्रबंध एकशे ब्याऐंशी पानांचा आहे. आजवर तो तिघांनी वाचला: दोन परीक्षकांनी आणि एका टंकलेखकाने. मी तो लिहिला होता. लिहिल्यावर एकदा वाचलाही असता, तर पुढचा प्रकार घडला नसता.

२०१३ साली मी मस्कतमधल्या काँक्रीट तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो आणि जवळच्या सीब गावात राहत होतो. शुक्रवारी काँक्रीट तपासून घ्यायला कुणी येत नाही, म्हणून मी एका हौशी समितीत शिरलो. मस्कतच्या डोंगरी किनाऱ्यावर एक चिमुकली वाळूची पट्टी आहे. तिथे रस्ता पोचत नाही, होडीनेच जावे लागते. तिथे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज आरमारी खलाशांची थडगी आणि स्मारकशिळा आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून येणारी गलबते अडवण्यासाठी त्यांची जहाजे या समुद्रात गस्त घालत. काही खलाशी चकमकीत मेले, बरेचसे तापाने आणि उन्हाने. दगडांवरची नावे पुरती झिजण्याआधी उतरवून घ्यावीत, एवढेच समितीचे काम होते. दगड, क्षार आणि झीज हे तिन्ही माझे विषय निघाल्याने मला तांत्रिक सल्लागार नेमण्यात आले. मानधन नव्हते, पण एक टोपी मिळाली.

मी एकंदर एक्केचाळीस दगड नोंदवले. त्यांतल्या सत्ताविसाव्या शिळेवर, गुलामांच्या गलबताचा पाठलाग करताना उलटलेल्या एका होडीची हकिकत आणि खाली बुडालेल्यांच्या पाच ओळी होत्या. चार ओळींत नाव, हुद्दा, वय असे सगळे रीतसर होते. पाचव्या ओळीतली अक्षरे उथळ होती, वय नव्हते आणि नाव होते ‘जॅक टीकेटल’. टीकेटल, म्हणजे चहाची किटली, हे कुणाचे आडनाव असू शकते, हे मला पटले नाही. कुणा रिकामटेकड्या खलाशाने नंतर केलेली थट्टा, असा निष्कर्ष मी काढला. वहीत पेन्सिलीने लिहिले: ‘विनोद! वगळावे.’ उद्गारचिन्ह माझेच. तक्त्यात त्या शिळेची चारच नावे गेली. समितीने तो तक्ता डोळे झाकून स्वीकारला, आणि मला ते विज्ञानावरच्या विश्वासाचे लक्षण वाटले.

बाबामियाँ सीबच्या जुन्या बाजारात अडतीस वर्षे ओमानी पुरुषांचे पायघोळ पांढरे अंगरखे, म्हणजे दिशदाशा, शिवत होते. मूळचे मुरुडकडचे. माझ्या पॅंटी तेच शिवत, आणि माझ्या कमरेचे माप ते माझ्यापेक्षा अचूक सांगत. मी ‘छत्तीस’ म्हटले की ते टेप न काढताच म्हणत, “अडतीस लिवतो.”

सप्टेंबरात एकदा ते माझ्या पॅंटीची पट्टी मुडपत होते. एकाएकी म्हणाले, “डाक्टर, तुमी त्या गोऱ्यांच्या कबरी मोजायला जाता म्हनं?”

“मोजायला नाही, नोंदवायला.”

“तेच. आमचे पणजोबा हाईत तिथं.”

परदेशात राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा एक तरी पूर्वज इतिहासात असतो, हे मी अनुभवाने जाणून होतो. मी सौम्यपणे विचारले, “ख्रिस्ती दफनभूमीत?”

“पुरले नाय. दर्यानं परत दिले नाय त्यांना. होडी उलटली. दगडावर निस्तं नाव हाय, असं बरोबरच्या खलाशानं आमच्या पणजीला येऊन सांगितलं.”

“नाव काय?”

त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक करून काढायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला, असे मला आज वाटते. त्या वेळी मी घड्याळ बघत होतो.

“हसन. सिद्दी हसन. जहाजाच्या भट्टीत कोळसा मारायचे.”

मग त्यांनी उरलेली हकिकत सांगितली. हसन सात-आठ वर्षांचे असताना स्वतःच एका गुलामांच्या गलबतात होते. गोऱ्यांच्या जहाजाने ते गलबत पकडले आणि सुटलेली माणसे मुंबईला उतरवली. हसन गोदीत वाढले, मुरुडच्या मुलीशी लग्न केले आणि तशाच एका जहाजावर कामाला लागले. कथा इतकी घडीव होती की मला ती संशयास्पद वाटली. खरी निरीक्षणे अशी नीटनेटकी येत नाहीत.

“महिनाअखेरीला मी कायमचा जातोय,” बाबामियाँ म्हणाले. “व्हिसा कॅन्सल केला. परत काय येनं होत नाय. त्या दगडाला एकदा हात लावून फातिहा बोललो की खलास. अडतीस वरसं बाजूलाच राहिलो नि गेलो नाय. दुकानच सुटंना.”

मी त्यांना शिळेची पूर्ण माहिती दिली. चार नावे पाठ म्हणून दाखवली. हसन त्यात नव्हता.

“सगळी नावं बगितलीत?”

“सगळी.”

त्यांनी दोरा दाताने तोडला. “मग नसतील. दुसऱ्याच्या कबरीवर जाऊन काय करू?”

मी घरी येऊन हा प्रसंग पत्नीला, विशाखाला, पुराव्याची शिस्त कशी पाळावी याचा नमुना म्हणून सांगितला. तिने भाजी चिरता चिरता विचारले, “होडीत एक जागा दिली असतीस तर तुझा प्रबंध बुडणार होता का?”

“प्रश्न जागेचा नाही. चुकीच्या दगडापुढे त्या माणसाला उभे करणे अप्रामाणिक ठरेल.”

“हो का? मग त्या चार गोऱ्यांसाठी तू टोपी घालून जातोस, ते तुझे कोण लागतात?”

हा युक्तिवाद विषयाला धरून नव्हता, म्हणून मी टोपी खुंटीवर नीट लावली.

बाबामियाँचे विमान शनिवारचे होते. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना दुकानामागच्या खोलीत जेवायला बोलावले. त्यांच्या पत्नी, सकिनाभाभी, सामान बांधायला गावाहून आल्या होत्या. मटण आणि तांदळाचे वाफवलेले सांदण असा बेत होता. अर्धी खोली खोक्यांनी भरलेली. भाभींनी एका खोक्यातून दुकानातली अॅल्युमिनियमची चहाची किटली बाहेर काढून ठेवली.

“ही अर्बाबच्या पोऱ्यांना देऊन टाका. आमच्या घरात आनिक किटली नको!” अर्बाब म्हणजे दुकानाचा ओमानी मालक.

“सकिना,” बाबामियाँ म्हणाले, “गप बस.”

“का गप बसू? डाक्टर काय परके हाईत?” त्या विशाखाकडे वळल्या. “आवो, गावात आमच्या घराला किटलीचं घर बोलतात. माझं लगीन ठरलं तवा मैत्रिणी बोलल्या, गं सकिना, तू किटलीत पडलीस. ह्यांना अजून कुनी किटली बोललं की दोन दिवस रुसतात.”

विशाखा हसली. माझ्या हातातले सांदण वाटीच्या काठावर थांबले.

“हे नाव कुठून आलं?” मी विचारले. आवाज शास्त्रीय ठेवण्याचा प्रयत्न केला.

“ह्यांचे पणजोबा ना,” भाभी म्हणाल्या. “जहाजावर गोऱ्यांनी त्यांचं तेच नाव ठेवलेलं. ते बुडाले नि पणजी मुंबईला जहाजाच्या हापिसात गेली, तर तिथं मोठ्यानं पुकारा, किटलीची बायको कोन? सोबतच्या गाववाल्यांनी ऐकलं. झालं!”

“नुसते किटली?” मी बाबामियाँना विचारले. “त्याच्या आधी काही?”

ते जमिनीकडे बघत होते. “जॅक,” ते म्हणाले. “जॅक किटली. आता हसा.”

“तुम्ही मला हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली, डाक्टर. तुमी शिकलेले. हसन काय खोटं नाय, घरात तेच नाव. मला वाटलं दगडावर तरी मानसाचं नाव लिवलं असंल. तुमी हसला असता.”

“मी हसलो नसतो,” मी म्हणालो.

त्या महिन्यातले हे माझे दुसरे असत्य विधान. पहिले ‘सगळी’ हे होते. हसल्याचा पुरावा घरी माझ्या वहीत पेन्सिलीने नोंदवलेला होता, उद्गारचिन्हासह.

मी तिथेच, चौघांत, सांगून टाकले. नाव दगडावर आहे, पाचव्या ओळीत आहे, मी ते पाहिले होते, आणि थट्टा समजून काढून टाकले. भाभी हळूच म्हणाल्या, “म्हंजे हाईत?” आणि बाबामियाँनी उठून किटली परत खोक्यात ठेवली.

मी जिन्यावर जाऊन समितीच्या सचिवांना फोन लावला. त्या निवृत्त इंग्रज शिक्षिका होत्या. “त्यात नवल काय?” त्या म्हणाल्या. “आफ्रिकी खलाशांची खरी नावे उच्चारण्याचे कष्ट कोण घेणार? अधिकारी हजेरीपटावर अशीच नावे चढवत. बाटली, दोरखंड, सोमवार, वाटेल ते. तुम्ही मला विचारले का नाही?”

मी विचारले नव्हते, कारण मी ठरवले होते.

“आणि तुम्हाला सांगायचे होतेच,” त्या पुढे म्हणाल्या, “त्या शिळेसाठीची पितळी पाटी कोरून आली. चार नावांची. तुमच्या तक्त्यावरूनच. पुढच्या शुक्रवारी बसवणार.”

उद्याच्या होडीत मी एक जास्तीची जागा मागितली. टोपी मी नेणार नव्हतो, तेवढी जागा वाचतच होती.

शुक्रवारी सकाळी होडीत बाबामियाँ इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसले होते. मांडीवर कापडी पिशवी. मी माझी साधने घेतली होती: तिरप्या प्रकाशाचा दिवा, आरसा, भिंग, कॅमेरा. होडीतून उतरताना आरसा फुटला आणि दिव्याची बॅटरी मी चार्ज केली नव्हती. ओमानी होडीवाला पाण्याच्या कडेवरून ओरडला, “यल्ला डॉक्टर, जल्दी, पानी नीचे जाता!”

सत्ताविसावी शिळा पाण्यापासून दहा पावलांवर होती. मी पाचव्या ओळीवर बोट ठेवले. सूर्य थेट शिळेच्या समोर होता. सपाट उजेडात ओळ जवळजवळ दिसत नव्हती. बाबामियाँनी डोळे मिटले आणि शिवणीवरून फिरवावीत तशी बोटे दगडावरून फिरवली.

“हाय. टाके हाईत,” ते म्हणाले.

त्यांनी पिशवीतून काळ्या अस्तराचा तुकडा काढला, शिळेच्या तळाशी ताणून माझ्या हाती दोन टोके दिली आणि शिंप्याचा पांढरा खडू आडवा धरून हलक्या हाताने घासू लागले. कापड पांढरे होत गेले. त्या पांढऱ्यातून एकेक काळे अक्षर वर आले. शेवटी पूर्ण ओळ उभी राहिली: जॅक टीकेटल, सिद्दी, भट्टीवाला. ‘सिद्दी’ हा शब्द माझ्या नजरेतून पूर्ण निसटला होता. चार हजार रियालांच्या कॅमेऱ्याला तो दिसला नव्हता. पण कॅमेऱ्याला दोष देण्याचे कारण नाही, तो मी सांगेन तिकडेच बघतो.

कापडाची टोके धरून गुडघ्यावर बसलो असताना आणखी एक गोष्ट माझ्या नाकासमोर आली. पाचवी ओळ जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर होती. जमिनीतले खारे पाणी दगडात वर चढते, त्या पट्ट्यात सुकते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी उडतो. ती अक्षरे उथळ कोरलेली नव्हती. बाकीच्या चार ओळींइतकीच खोल कोरली होती. फक्त मिठाच्या वाट्याला आली होती, कारण ज्याचे नाव शेवटी लिहिले त्याला सर्वांत खालची जागा मिळाली. हे सर्व माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात आकृतीसह दिले आहे. आकृती चांगली आहे.

मी बाबामियाँना हे समजावू लागलो. त्यांनी हात वर केला. “थांबा जरा.”

त्यांनी शिळेवर उजवा हात ठेवला आणि फातिहा म्हटली. मी लाटा मोजत राहिलो; छत्तीसनंतर माझी गणती चुकली.

“एक विचारू?” परतताना मी म्हणालो. “पाटीवर मी नाव घालायला लावीन. कोणतं घालू? हसन की दगडावरचं?”

त्यांनी कापडाची घडी घातली, खडू लागलेली बाजू आत घेऊन. “हसन मुंबईत ठेवलं. किटली जहाजावर ठेवलं. आईनं काय ठेवलेलं, ते कुनाला म्हायत? दोन्ही लिवा. आनि तिसऱ्याची जागा सोडा थोडी.”

“रिकामी जागा का, असं लोक विचारतील.”

“विचारू द्या की. तुमी सांगा. तुमाला सांगायला आवडतं.”

शनिवारी ते गेले. सामानाचे वजन जास्त झाले तेव्हा भाभींनी विमानतळावर शिलाई मशीनचा एक सुटा भाग काढून माझ्या हातात दिला. किटली काढली नाही.

पितळी पाटीवर कोरणाऱ्याने पाचवी ओळ तळाशी कशीबशी बसवली. बारीक अक्षरांत, उथळ, कारण तिथे पत्रा कडेला आला होता. दोन नावे आणि त्यापुढे बोटभर कोरी जागा. सचिवांनी चूक कशी झाली याचे टिपण मागितले. मी दीड पान लिहिले आणि खाली स्वतःचे पूर्ण नाव हुद्द्यासह घातले.

पाटी बसवायच्या दिवशी गवंड्याने ती शिळेशेजारच्या कातळाच्या पायथ्याशी, वाळूलगत टेकवली. म्हणाला, इथेच शोभते. मी टेप काढला, तिसऱ्या प्रकरणातली आकृती आठवली आणि त्याला सांगितले: खालची ओळ जमिनीपासून एक मीटर वर येईल अशी बसव. त्याने विचारले, “इतनी ऊपर क्यों, साब?”

मी त्याला कारण सांगितले. पूर्ण कारण सांगितले. तो अर्धा तास ऐकत होता, आणि मग त्याने पाटी एक मीटर वर बसवली.