उजव्या अंगाचं दूध

मंगळवारी बाजारातून आणलेला कोबीचा गड्डा शुक्रवारपर्यंत निम्म्यावर आला होता, आणि घरात कोबीची भाजी काही एकदाही झाली नव्हती.

"राजू, फ्रिजमधी उंदीर शिरलाय बघ," अक्कम्मा जेवताना मुलाला म्हणाल्या. "वरची वरची पानं तेवढी सोलून नेतोय."

"डाएटवर असंल की, आई," राजशेखर कडक भाकरी मोडत म्हणाला. "तुझी शेंगाची चटणी खाऊन वैतागला असंल."

"वैतागून जायला तुझ्या दुकानातलं गिऱ्हाईक हाय व्हय त्यो?"

हेमावती वाढत होती. तीही हसली, सुनेनं हसणं भाग होतं. हसताना अंग हललं आणि उजव्या छातीतून पार काखेपर्यंत अशी कळ गेली की हातातली पळी ताटाच्या काठावर आदळली. कोणाचं लक्ष गेलं नाही. तिच्या ब्लाउजच्या आत कोबीचं पान होतं. तासाभरापूर्वी फ्रिजमधून काढलं तेव्हा गार आणि करकरीत होतं. आता तव्यावर परतल्यासारखं मऊ पडून अंगाला चिकटलं होतं. पदरातून शिजल्या कोबीचा वास येतोय असं तिला सारखं वाटत होतं, म्हणून आमटी वाढून ती लगेच मागं सरली.

दुखणं आठ दिवसांचं. आधी नुसती एक गाठ, लिंबाएवढी, बोटाला लागायची. मग तिच्याभोवती लाल चट्टा. मग दुपारी चारच्या सुमाराला हुडहुडी. मे महिना, सोलापूरचं ऊन, पंख्याखालीसुद्धा गादी तापलेली, आणि ही आपली चादर गळ्यापर्यंत ओढून दात वाजवत पडलेली. कुणी आत डोकावलं की म्हणायची, बाळाला झोपवतेय. बाळ म्हणजे सिद्धी. सिद्धेश्वरी, अडीच महिन्यांची. तिला उजवीकडे घेतली की पहिल्या ओढीला हेमावतीच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. दातात टॉवेलचं टोक धरून ती मनात आकडे म्हणायची. विसाच्या पुढं दुखणं जरा बोथट व्हायचं. मग पोरीच्या टाळूवरून हात फिरवायची, पी गं बाई, पी, म्हणायची.

सांगून टाकलं असतं तर? तर काय झालं असतं ते तिला ठाऊक होतं, कारण ते एकदा झालं होतं.

तीन वर्षांपूर्वीचा प्रभु, तिचं पहिलं पोर. तोही उन्हाळ्यातलाच. तेव्हा तिची बोंडं चिरली होती, पाजताना रक्त यायचं, आणि पोर अर्धपोटी रडायचं. अक्कम्मांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी नवी पेठेतून येताना बाटली आणि पावडरचा डबा घेऊन आल्या. "पोरानं काय म्हणून उपाशी ऱ्हायचं?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सुनेच्या चिरांना त्याच रोज तूप लावत होत्या. त्या दिवशी प्रभु बाटली संपवून, ढेकर देऊन झोपला आणि हेमावतीही झोपली. सलग सहा तास, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. उठली तेव्हा तिला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नळाला पाणी पाच दिवसांतून एकदा. बाटली धुवायला पिंपातलं पाणी. अकराव्या दिवशी जुलाब सुरू झाले आणि तेराव्या दिवशी प्रभु गेला. त्यावर घरात कुणी कुणाला काही बोललं नाही. बाटलीचं काय झालं, डब्यातल्या उरलेल्या पावडरीचं काय झालं, तेही कुणी विचारलं नाही. त्याला पुरून आल्यावरसुद्धा कितीतरी दिवस तिचं दूध येत राहिलं होतं. शेजारच्या घरात मूल रडलं तरी ब्लाउज भिजायचा.

तेव्हा आता सांगायचं नाही. छाती सडली तरी बेहत्तर, बाटली घरात येता कामा नये. तिनं फोनवर शोधलं. एक बाई म्हणत होती, गाठ आली तरी पाजत राहा, दूध मोकळं होऊ द्या आणि डॉक्टरांना दाखवा. दुसरी कोबीची पानं सांगत होती. तिसरी डोळे मोठे करून म्हणत होती, असलं दूध म्हणजे विष, बाळाच्या पोटात जाऊ देऊ नका. तिन्हींतला विष हा शब्द तेवढा हेमावतीच्या डोक्यात रुतून बसला. प्रभुच्या पोटातही विषच गेलं होतं की. बुधवारपासून तिनं उजवी बाजू बंद केली. सिद्धीला डावीकडेच घ्यायची आणि उजवीकडे कोबी लावायची. आत दूध कोंडत गेलं.

शनिवारी सकाळी अक्कम्मा नातीला न्हाऊ घालत होत्या. पाय पसरून बसलेल्या, सिद्धी नडग्यांवर पालथी, तिच्या पाठीवरून कोमट पाणी ओघळतंय.

"टॉवेल दे गं हेमा."

द्यायला ती वाकली आणि पदराआडून पान खाली पडलं. बरोबर सासूच्या पायाशी.

दोघी पानाकडे बघत राहिल्या. मग अक्कम्मांनी ते उचललं. पान मऊ पडलेलं, हाताला चटका बसावा इतकं गरम.

"सापडला उंदीर," त्या म्हणाल्या. पण त्या बोलण्यात गंमत नव्हती. "दाखव."

"काही नाही आत्या, उकाड्यानं जरा..."

"दाखव म्हणले की."

"दाखवते. पण बाटली लावायची नाही. आधी तसं सांगा."

 अक्कम्मांनी पोरीला टॉवेलात गुंडाळून पलंगावर ठेवली आणि स्वतःच्या हातानं सुनेच्या ब्लाउजचे हूक काढले. उजवी छाती डावीच्या दीडपट झाली होती. काखेकडची कातडी ताणून वांग्यासारखी जांभळी आणि चकचकीत. त्यांनी नुसतं बोट टेकवलं तर खाली काहीतरी पाण्यासारखं हललं. हेमावती ओरडली नाही. तिनं पलंगाचा दांडा धरला.

"यव्वा, यव्वा," अक्कम्मा पुटपुटल्या. घाबरल्या की त्यांच्या तोंडी अक्कलकोटकडची, माहेरची कानडी यायची. "किती दिवस?"

"नऊ."

"नऊ दिवस माझ्या म्होरं भाकऱ्या थापल्यास तू?" मग त्यांचा आवाज चढला. "मी काय मेले होते व्हय? मला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

 का सांगितलं नाही, ते दोघींनाही माहीत होतं. शेवटी अक्कम्मांनीच मान खाली घातली आणि दुकानात फोन लावला. "राजू, शटर ओढ. रिक्षा घेऊनच ये."

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. सोनोग्राफीचा कागद उजेडाला धरून त्या म्हणाल्या, "पू झालाय. आता नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही, चीर द्यावी लागेल. आजच. आठ दिवस आधी आला असतात तर ही वेळ आली नसती. या बाजूनं पाजणं कशाला बंद केलंत?"

"दूध विष होतं म्हणून."

"कोण म्हणालं?"

"फोनवर."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, बाळानं ओढलं असतं तर मोकळं झालं असतं. बाळाला त्यानं काही होत नाही. बंद केलंत म्हणून तर आणखी साठलं." बोलून गेल्यावर त्यांचं हेमावतीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं असावं. जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "डावीकडचं चालू ठेवा. ते थांबवायचं नाही. उजवीकडचं किती टिकेल सांगता येत नाही. आटेल कदाचित."

भूल द्यायची म्हणजे पोरीला काही तास आईपासून लांब राहावं लागणार. सिस्टर सवयीनं म्हणाली, "तोवर खालच्या मेडिकलमधून पावडर आणि बाटली आणून ठेवा, आजी."

"ब्याड!" अक्कम्मा एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. "बाटली ब्याड!"

"काय म्हणतात त्या?"

"नको म्हणतीय," राजशेखर म्हणाला. तो भिंतीकडं बघत होता.

मग सिस्टरनं दुसरा मार्ग सांगितला. डाव्या बाजूचं दूध हातानं काढायचं, उकळलेल्या वाटीत ठेवायचं आणि चमच्यानं पाजायचं. हेमावती पडद्याआड बसून काढत राहिली. दाबायची डावीकडं आणि ठणका उठायचा उजवीकडं. बऱ्याच वेळानं वाटीचा तळ झाकला, मग हळूहळू अर्धी वाटी झाली. डोळ्यांतलं पाणी आत पडू नये म्हणून तिनं मान वर धरली होती.

आता ती वाटी कुणाच्या हातात द्यायची, एवढंच उरलं. राजशेखरनं पोरीला अजून नीट कडेवरही घेतलं नव्हतं, त्याच्याच्यानं ते होणार नव्हतं. अक्कम्मा पुढं आल्या आणि दोन पावलांवर थांबल्या.

"मी न्हाई पाजत," त्या म्हणाल्या. "सिस्टरला सांग."

"सिस्टरला सगळा वॉर्ड आहे, आत्या."

"माझा हात नको हेमा."

हेमावतीनं त्या हाताकडं बघितलं. तेलानं मऊ पडलेला, हिरव्या बांगड्यांचा हात. यानंच तिच्या चिरांना तूप लावलं होतं आणि यानंच ती बाटली भरली होती. त्या क्षणी तिला वाटी कुणालाच द्यायची नव्हती. पदराखाली घेऊन सरळ जिना उतरून जावं असं वाटत होतं. पण स्ट्रेचर आलं. तिनं वाटी पुढं केली.

"चमचा परत उकळून घ्या," ती म्हणाली. "खाली पडला तर पुन्हा उकळा."

भुलीतून बाहेर येताना तिची जीभ जड झाली होती. तरी पहिला शब्द तोच फुटला. "प्याली?"

"प्याली," अक्कम्मा म्हणाल्या. त्यांच्या लुगड्यावर दुधाचे डाग होते. "निम्मं सांडलं माझ्या हातनं. पण प्याली."

चीर दोन बोटं लांब होती. ती शिवलेली नव्हती; पू निघून जावा म्हणून तशीच उघडी ठेवून आत कापडाची पट्टी भरली होती. ती रोज बदलायची. पहिल्या दिवशी सिस्टरनं पट्टी ओढून काढली तेव्हा पुवाबरोबर जखमेतून पांढरं दूधही आलं. पोरीच्या तोंडात जायचं ते ट्रेमध्ये ओघळत होतं. हेमावती त्याकडं बघत राहिली. सिस्टरनं बोळा फिरवून पुसून घेतलं आणि म्हणाली, "होतं असं कधीकधी, ताई. येईल भरून."

घरी आल्यावर डावीकडून जेवढं येईल तेवढं सिद्धी ओढायची. हेमावती ड्रेसिंगला गेली की मागं अक्कम्मा वाटी-चमच्यानं पाजायच्या. घरी असतानाही पोरीचं पोट भरलं नाही वाटलं तर काढून ठेवलेलं चमच्यानं द्यायच्या. त्या पाजत असताना हेमावतीनं पडून राहावं, डोळा लागला तर लागू द्यावा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण तिचा डोळा लागायचा नाही. ती कुशीवर वळून प्रत्येक चमचा बघत राहायची. अक्कम्मांनाही ते कळत होतं. त्या चमचा मुद्दाम तिला दिसेल असा धरायच्या.

चौथ्या दिवशी दुपारी अक्कम्मांनी सिद्धीचं दुपटं सोडलं आणि तशाच थांबल्या. हिरवट, पाण्यासारखं. तासाभरात दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

हेमावतीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"ताप आहे का तिला?" पलीकडून विचारलं गेलं.

"नाही."

"पितेय?"

"पितेय."

"लघवी?"

"दोनदा झाली सकाळपासून."

"तुम्हाला औषध चालू आहे ना, ते दुधातून जातं, त्यानं तिला पातळ होऊ शकतं. अंगावरचं पाजत राहा, थांबवू नका. संध्याकाळी ड्रेसिंगला याल तेव्हा तिलाही आणा, मी बघते. त्याआधी मलूल वाटली किंवा पीत नाही असं झालं तर लगेच निघा."

फोन ठेवला. संध्याकाळ व्हायला अजून चार तास होते. 

"प्रभुला बाटली मीच लावली," अक्कम्मा म्हणाल्या.

तीन वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. दुपटं अजून हातातच होतं.

हेमावतीला बरंच काही म्हणता आलं असतं. पाणीच खराब होतं, उन्हाळाच तसला होता, त्याचं आयुष्यच तेवढं होतं, असं सगळ्या बायका म्हणतात तसं. आपण त्या दिवशी सुखानं झोपलो होतो, हेही सांगता आलं असतं. सासू ऐकायला उभीच होती.

"हो," ती म्हणाली. "तुम्हीच लावलीत."

अक्कम्मांनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत. मोरीत जाऊन दुपटं बादलीत टाकलं आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. बराच वेळ धुतले.

सिद्धी पुन्हा रडायला लागली. हेमावती भिंतीला टेकून कशीबशी बसली. पट्टीच्या बाजूचा हात उचलत नव्हता. एका हातानं पोरीला उचलून छातीशी लावणं तिला जमेना. दोनदा करून बघितलं. पोरगी घसरली आणि आणखी रडली.

"आत्या," तिनं हाक मारली. "धरा हिला. मला पेलत नाही."

अक्कम्मा पदराला हात पुसत आल्या. सिद्धीचं डोकं तळहातावर तोलून त्यांनी तिला डाव्या बाजूला टेकवली आणि कंबरेत वाकून तशाच उभ्या राहिल्या. पोरीनं एकदोनदा तोंड फिरवलं, मग धरलं. सासूचा श्वास हेमावतीच्या मानेला लागत होता. पोरगी थोडं ओढायची आणि थांबायची. ती थांबली की दोघींची नजर तिच्या गालावर जायची, आणि तो पुन्हा हलेपर्यंत दोघीही तिथून डोळे काढत नव्हत्या.