जांघेतला गोळा

“गेला! गोळा गेला!” हॉलमधली पन्नास माणसं एकदम ओरडली. टेबलावर उताणे झोपलेले पोस्टमास्तर जांघ चाचपत आनंदाने रडू लागले. लिंबाएवढा गोळा फुंकरबाबांनी तीन फुंकरांत नाहीसा केला होता!

“चाकू नको, भूल नको,” बाबा गरजले. “डॉक्टर भूल देतो आणि म्हातारा उठतच नाही!” मास्तर उठून बसले तसा बाबांनी त्यांच्या जांघेवर पट्टा करकचून आवळला. “दुखलं तर समजा, व्याधी बाहेर पडतेय.”

काय पण थाप! दुखण्याचंसुद्धा श्रेय बाबांनाच.

पुढचा नंबर आबांचा होता; त्यांच्याही जांघेत तसाच गोळा. आयुष्यभर सुतारकामाचा भुसा ओढून छाती निकामी झालेली, वय अठ्ठ्याहत्तर. मास्तर घामाने डबडबलेले पाहून सोबत आलेल्या लेकीने आबांचा हात धरला.

“आबा, चला.”

“अगं, नंबर आलाय!”

“गेला खड्ड्यात नंबर.”

तिने त्यांना थेट इस्पितळात नेलं. सर्जनबाईंनी आबांना आडवं केलं. गोळा गायब! “आता उभे राहा. खोका.” गोळा हजर.

“पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, त्यातून आतडं बाहेर येतं,” बाई म्हणाल्या. “आडवं झालं की बहुतेकदा आपसूक आत जातं. मग फुंकर मारा नाहीतर गाणं म्हणा.”

“पण भूल... माझी छाती...”

“तुम्हाला झोपवायचंच नाही. इंजेक्शनने तेवढीच जागा बधिर करू.”

आबांनी कपाळावर हात मारला. दोन वर्षं जिवाला घोर लावून घेतला, पण डॉक्टरला विचारलं कुणीच नव्हतं.

तपासण्या होऊन तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं; ते चालू असताना आबा बाईंनाच शिकवत होते, “टाके जवळजवळ घाला हं!” त्याच संध्याकाळी ते आपल्या पायांनी घरी आले.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला लेक मास्तरांकडे धावली. दाराबाहेर चपलाच चपला. पट्ट्याखाली आतडं अडकून सडलं होतं. तीन दिवस ते विव्हळत होते, तेव्हा घरच्यांनी त्यांना बाबांचंच वाक्य ऐकवलं होतं.

ती तशीच हॉलवर गेली. “मास्तर गेले!” ती रांगेवर ओरडली. “गोळा आडवं झाल्यावर जातो, फुंकरीने नाही!”

दोघे उठले. बाकीचे म्हणाले, “बाजूला हो बाई, नंबर जाईल.”

वाचकहो, तुम्ही त्या दोघांतले व्हा. गोळा घट्ट झाला, दुखला, उलट्या झाल्या, तर तासभरही थांबू नका. आणि भुलीची भीती वाटत असेल, तर ती बाबाला नको, डॉक्टरला सांगा.