तळाशी राहिलेलं तांबं

साहेब, त्या म्हातारीला तुम्ही मारलंत. समुद्राने नाही, ओहोटीने नाही, आणि होडी चालवणाऱ्याने तर नाहीच नाही. तुमच्या हाताला रंगाचा एक ठिपका लागलेला नाही, म्हणून तुम्ही ते हात झटकून मोकळे झालात. पण मी तिथे होतो. मी बघितलंय.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना रंगाचा डबा आहे. भिंतीच्या रंगाचा नव्हे. होडीचा जो भाग कायम पाण्याखाली असतो, त्याला लावायचा लाल रंग माझ्या पोटात होता. उभ्या होडीच्या बुडाला आधी शेवाळ धरतं, मग शिंपले चिकटतात आणि होडी जड होते. ते होऊ नये म्हणून माझ्यात तांबं दळून घातलेलं असतं. ते तांबं शिंपल्यांना विषासारखं असतं. शिंपल्याचं पिल्लू चिकटायला येतं, तोंड वाकडं करतं आणि दुसरं घर शोधायला जातं. एवढंच माझं काम. पण ते काम तांब्याचं आहे, लाल रंगाचं नाही, हे लक्षात ठेवा.

कारखान्यात माझ्या पोटात रंग ओतला तेव्हा तो दाट आणि तुकतुकीत होता. झाकणं ठोकायला एक बाई बसायची. लाकडी हातोडीचा ठोका घालताना प्रत्येक डब्याला म्हणायची, "जा बाबा, मी नाही बघितला, तू तरी समुद्र बघ." माझ्या आयुष्यात माझ्याशी प्रेमाने बोललेलं ते पहिलं आणि शेवटचं माणूस.

समुद्र कुठला! मी आलो बंदर कचेरीच्या कोठीत. वर पत्र्याचं छप्पर, खिडकीला जाळी, जाळीला कोळिष्टकं. तिथे मी आणि माझे भाऊ फळीवर बसलो ते बसलोच. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि आम्ही आतून शिजायचो. तांबं जड. ते हळूहळू खाली बसायला लागलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जशी कूस बदलून द्यावी लागते, तसं आम्हालाही अधूनमधून उलटं ठेवावं लागतं. तेवढं केलं असतं तर मी आजही धडधाकट असतो. जुना म्हणजे मेलेला नव्हे, मित्रांनो. पण हात लावायला कोणी आलं नाही. आधी कचेरीत होड्या रंगवणारा एक जाणता माणूस होता. कचेरीच्या साहेबांनी त्याला घरी बसवलं. रंगवायला काय लागतं, ब्रशच ना, म्हणाले.

कोठी सांभाळणाऱ्याला सगळे 'कुलूप' म्हणायचे. काहीही मागा, त्याचं तोंड बंद. एके दिवशी ते उघडलं. पैलतीरावर इस्पितळ आहे आणि अलीकडे बेटावर वस्ती. बेटावरच्या आजाऱ्यांना नेणारी एकच लाकडी होडी. ती वर ओढली होती, आणि तिला रंग द्यायचा होता. होडी चालवायचे दाजी. सगळे त्यांना दाजी म्हणत, कारण रंगवायला आणलेला माणूस त्यांचा मेहुणा होता आणि तो दिवसभर 'दाजी, दाजी' करायचा. हा मेहुणा घरांच्या भिंती रंगवणारा. हात इतका सफाईदार, की त्याने मारलेली किनार दोरीने आखल्यासारखी. पण होडी त्याने कधी रंगवली नव्हती.

"अहो, याची तारीख कधीच टळलीय," दाजी मला फिरवून बघत म्हणाले. "चालेल का हा?"

"तारीख औषधाला असते," कुलूप म्हणाला. "रंगाला काय ताप येतो?"

"नवा द्या की एखादा."

"साहेबांचा हुकूम आहे. जुना संपल्याशिवाय नवा निघणार नाही. लाल आहे ना? मग लावा."

मेहुण्याने झाकण उचकटलं. वरची साय कापून काढली. काठी घातली, तर ती अर्ध्यावरच अडली.

"दाजी, खाली गाळ बसलाय. पार दगड."

"मग रे?"

"मग काय, वरचं गाळून घेऊ. भिंतीच्या रंगाचं मी तसंच करतो. एक गुठळी राहिली तरी ओरखडा उठतो."

मेहुण्याची आई जेवणाचा डबा घेऊन आली होती. म्हणजे दाजींची सासू. तिने डब्याभोवती गुंडाळलेलं जुन्या चादरीचं फडकं सोडून दिलं. म्हणाली, "नीट गाळ रे. जावईबापूंच्या चहात एक पत्ती राहिली तर तोंड असं होतं. होडीत गुठळी राहिली तर जेवायचे नाहीत."

"आई, पत्ती नसते हो, तुमच्या चहात अख्खं झाड असतं," दाजी म्हणाले, आणि तिघेही हसले.

इथे ते हसत होते आणि तिथे मी मरत होतो. ज्याला ते गाळ म्हणत होते तेच माझं तांबं होतं. फडक्यातून खाली गेलं ते नुसतं लाल पाणी. फडक्यात राहिलेल्या गुठळ्या त्यांनी परत माझ्याच पोटात टाकल्या. कचरा टाकायला दुसरं भांडं नव्हतं.

रंग मात्र असा बसला, की काय सांगू! आरशासारखा. साहेब स्वतः आले, लांबूनच बघून म्हणाले, "बघा, जुना माल वाया गेला नाही." कौतुक म्हणतात ते माझ्या वाट्याला आलं ते असं.

उरलेला रंग पुढेमागे लागेल म्हणून दाजींनी मला होडीतच बाकाखाली ठेवलं. माझं सगळं तांबं माझ्या पोटात, आणि बोटभर फळीच्या पलीकडे शिंपले येऊन बिऱ्हाड थाटत होते. मला ऐकू यायचं. कुरकुर, कुरकुर. दाजींनाही कळत होतं. "हिला कोणीतरी मागून धरल्यासारखं वाटतं," ते म्हणायचे. होडी वर ओढून बघू द्या म्हणून कचेरीत दोनदा गेले. उत्तर आलं, आत्ताच तर रंगवलीय, पुढच्या वर्षी बघू.

आणि मग ती दुपार. दाजींच्या सासूच्या, त्या म्हातारीच्या छातीत कळ आली. बेटावरच्या नर्सबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता पलीकडे न्या. इस्पितळाच्या धक्क्याला भरतीचं पाणी असेपर्यंतच होडी लागते. ओहोटी लागली की तिथे नुसता चिखल. तरी वेळ पुरेसा होता. धडधाकट होडीला पुरून उरला असता.

दाजींनी इंजिन पिळून काढलं. धूर निघत होता, होडी निघत नव्हती. मेहुणा आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. "दाजी, जरा जोरात!" "अरे बाबा, जोर संपला!" धक्का दिसायला लागला, धक्क्यावरची पांढरी गाडी दिसायला लागली, आणि होडी चिखलात रुतली. समोरून दोघं स्ट्रेचर घेऊन उतरले, मांडीपर्यंत गेले आणि कसेबसे परत फिरले.

"आलं का रे?" म्हातारीने विचारलं.

"आलं, आई. हे काय, समोरच आहे."

तो खोटं बोलत नव्हता. समोरच होतं. भरती परत आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौकशी झाली. होडी उशिरा पोचली, होडी दाजी चालवत होते, म्हणून दाजींना कामावरून काढलं. होडी वर ओढली तेव्हा बूड दिसत नव्हतं, नुसते शिंपले. मेहुण्याने एक शिंपला ओढून काढला. "रंग तर मीच दिला होता," म्हणाला. त्यानंतर दाजी आणि तो एकमेकांशी बोललेले नाहीत. मधे ती बहीण, एकाची बायको आणि दुसऱ्याची ताई. आई गेली, आणि आता तिने कोणाच्या बाजूने रडायचं? मेहुण्याला आजही वाटतं की रंग मेलेला होता. नव्हता रे. तू फडक्यात धरला होतास तो जिवंत होता. पण हे तुला सांगणार कोण? होड्या जाणणारा घरी बसलाय, आणि डब्याला वाचा नसते.

मला होडीतून काढून परत आणलं, आणि आता मी कोठीच्या दाराला टेकू आहे. जड आहे म्हणून. वारा सुटला की दार माझ्यावर आपटतं.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकायची असो की वापरायची, आधी तिच्या तळापर्यंत जाऊन बघा. आणि ज्याला कळतं त्याला विचारा. हे मी तुम्हाला सांगतो खरा, पण तुम्ही मोठे होऊन साहेब झालात की विसराल, असंच मला वाटतं.

कारण उद्या तीच होडी पुन्हा रंगवायची आहे. भिंती रंगवणारा नवा माणूस ठरलाय. कुलूपाने फळीवरून माझा सख्खा भाऊ काढून दाराशी आणून ठेवलाय. त्याच घाण्यातला, तितकाच बसलेला. आणि बेटावर एका पोरीचे दिवस भरत आलेत.

साहेब, तुमच्या मुलीला त्या होडीतून न्यायचं असतं, तर हाच डबा दिला असतात का? खाली मान घालू नका. उत्तर द्या.