बँडच्या गाडीला दम लागतो

आमची गाडी धुराच्या तपासणीत पास झाली. आत्याने हॉर्न वाजवला, काका रडला आणि तपासणी अधिकाऱ्याने दोन्ही गोष्टींना हरकत घेतली.

हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी सकाळी आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, मग तुम्हीच का फुकटात निर्धास्त राहायचं?

तर, सकाळ. गाडी पास होणं अशक्य आहे.

गाडी म्हणजे आमच्या घरच्या बँडची डिझेल व्हॅन. वयाने माझ्याहून मोठी आणि घरात मानही तिलाच जास्त. बाबा ट्रम्पेट वाजवतात आणि बँडमास्तर आहेत. काका क्लॅरिनेट वाजवतो. आई मोठा ढोल वाजवते, त्यामुळे घरात शेवटचा शब्द तिचा असतो. मी झांजा वाजवतो, म्हणजे बहुतेक वेळ वाट बघतो. आणि बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, काहीच वाजवत नाही. ती गाडी चालवते. तिला घाटात गिअर बदलताना पाहिलं की वाटतं, खरी कलाकार घरात एकच आहे आणि बाकीचे आम्ही तिचं सामान.

गेले काही महिने गाडी चढावर भसाभस काळा धूर सोडत होती. मागचे लोक भरदुपारी दिवे लावायचे. एका समारंभात तर यजमानांनी आधी बंब बोलावला आणि मग आमचं स्वागत केलं. शेवटी परिवहन कार्यालयाने बजावलं: आज संध्याकाळपर्यंत तपासणीत पास व्हा, नाहीतर गाडी भंगारात.

गाडी भंगारात गेली तर आत्याने आतोबांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं ठरलं होतं. ठरवलं आतोबांनी. त्यांनी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. निळी, गरगर फिरणारी.

"चाकं आहेत तिला," ते प्रेमाने म्हणाले. "तुझी चालवायची हौस भागेल."

आत्याने खुर्चीकडे असं पाहिलं की खुर्ची आपोआप मागे सरकली. चाकं होतीच.

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट खोली. भिंतीवर प्रत्येक पान्याची जागा रंगवून ठेवलेली, पाने मात्र जमिनीवर.

"धूर कुठल्या रंगाचा?" मिस्त्रीने विचारलं.

"काळा," आत्या म्हणाली.

"करडा," आई म्हणाली.

"मला तर निळसर वाटतो," काका म्हणाला.

"याचं काही ऐकू नका," बाबा म्हणाले. "हा चोर आहे."

मिस्त्रीने पाना हातात घेतला. आम्ही त्याला घरगुती बाब समजावून सांगितली. बाबांचा म्यूट हरवला होता. म्यूट म्हणजे ट्रम्पेटचा आवाज दबावा म्हणून त्याच्या तोंडात खुपसतात तो पत्र्याचा शंकू, कडेने बुचाच्या पट्ट्या लावलेला. बाबांच्या मते तो काकाने लांबवला होता. क्लॅरिनेटवाल्याला ट्रम्पेटचा म्यूट म्हणजे टकल्याला कंगवा. पण संशय एकदा घरात आला की जेवूनच जातो.

मिस्त्रीने बाबांच्या गणवेशाचा पांढरा हातमोजा उचलला आणि धुराड्यासमोर धरला. "ताई, दाबा."

आत्याने अॅक्सिलरेटर दाबला. हातमोजा काळा झाला.

"काळाच. निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. हा काळा आहे, म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी पडतेय."

"आणि माझा हातमोजा?" बाबांनी विचारलं.

"तो गेला."

आधी डिझेल. इंजिन चालू ठेवून मिस्त्रीने इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकामागून एक सैल केले. नट सैल केला की त्या सिलिंडरचं काम थांबतं आणि इंजिन लंगडतं. नाही लंगडलं, तर तो सिलिंडर आधीपासूनच बसून खात होता. आमचं इंजिन प्रत्येक नटाला इमानदारीत लंगडलं.

"एकही कामचुकार नाही," मिस्त्री म्हणाला.

"आमच्यापेक्षा बरं आहे," असं म्हणून आईने माझ्याकडे पाहिलं.

मग हवा. मिस्त्रीने एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं. आत्याने दाबलं. धूर गायब! झाकण लावलं, धूर हजर. काढलं, गायब. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणखी एकदा दाखवा म्हणालो. त्याने दाखवलं.

"पण फिल्टर तर नवाकोरा आहे," आत्या म्हणाली. "मीच बदललाय."

"म्हणजे फिल्टरच्याही अलीकडे काहीतरी अडकलंय. हवा आत येते त्या पाइपात. उंदराचं घर असेल."

"चहा घेऊ या का सगळे?" बाबा म्हणाले.

बाबांनी आजवर स्वतःहून कुणाला चहा विचारलेला नाही. आई त्यांच्याकडे टक लावून बघू लागली.

मिस्त्रीने पाइपात कोपरापर्यंत हात घातला, पिळला, ओढला. 'पुक्' असा आवाज झाला आणि त्याच्या मुठीत बाबांचा म्यूट आला.

गॅरेजात शांतता पसरली. मी आयुष्यभर जिची वाट बघत होतो ती हीच, हे मला कळलं. गाडीतून झांजा काढल्या आणि एकदाच, मनापासून, वाजवल्या.

"दादा!" काका ओरडला. त्याच्या तोंडावर असा आनंद होता की जणू त्याचंच लग्न ठरलंय आणि तेही हवं तिथे. "दादा! मी चोर नाही!"

"इंजिन गुणगुणायचं," बाबा पाइपाकडे बघत म्हणाले. "पेटीतल्या काळी पाचच्या सुराहून जरासं खाली. दोन तास ते ऐकून उतरलं की सगळे उतरलेलंच वाजवायचे. म्हणून एका दिवसापुरता घातला होता. मग विसरलो."

"आणि मला चोर ठरवलंस?"

"तेव्हा म्यूट सापडत नव्हता ना!"

आत्या सीटवरून खाली उतरली. ती उतरते तेव्हा सगळे आपोआप रांगेत उभे राहतात.

"नाकात बूच घालून तिला चढावर पळवलंस? आणि एका सुरासाठी मला त्या खुर्चीत बसवणार होतास?"

"जरासाच खाली होता गं, ताई..."

"मग तुम्ही सगळे जरासे खाली या. ती आता या वयात वर येणार नाही."

तपासणी केंद्रात अधिकाऱ्याने धुराड्यात यंत्राची नळी घातली आणि म्हणाला, "पूर्ण दाबा." आत्याने दाबलं. मोकळ्या गळ्याने इंजिन असं गायला लागलं की बाबांचे डोळे मिटले. त्यांनी ट्रम्पेटची नळी बोटभर बाहेर ओढली, फुंकर घातली आणि इंजिनाशी सूर मिळवला. मग क्लॅरिनेट आलं. मग ढोल.

"हा तपासणीचा भाग आहे का?" अधिकाऱ्याने ओरडून विचारलं.

"गाडीचा भाग आहे!" आत्या त्याहून मोठ्याने म्हणाली. "तुम्ही आकडा बघा!"

त्याने आकडा बघितला. पुढे काय झालं ते मी तुम्हाला सांगितलेलंच नाही, तेव्हा आता पुन्हा सांगत नाही.

हॉर्नचा आणि रडण्याचा विषय मिटल्यावर आत्याने एक कागद मागून घेतला, गरम बॉनेटवर ठेवला आणि लिहून खिडकीतून आत सरकवला:

मा. अधिकारी, परिवहन कार्यालय, यांस,

विषय: भंगारातील रिक्त जागा भरणेबाबत.

महोदय, आमची व्हॅन पास झाल्यामुळे आपल्या भंगार विभागात आज एका वाहनाची जागा रिकामी राहिली आहे. कार्यालयाची गैरसोय होऊ नये म्हणून तिच्याऐवजी एक खुर्ची (रंग निळा, चाके पाच, वापर शून्य) जमा करून घ्यावी. सदर खुर्चीतून धूर निघत नाही, हे मान्य. तथापि मला तीत बसवल्यास तो निघेल, याची नोंद घेऊन तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
चालक